पिवळी माती, काळी माती

झाड मेलं असतं तर बटणवालीचा फायदाच होता, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

समितीचा नियम साधा होता. स्मृतिबागेतलं एखादं झाड गेलं, तर त्याच खड्ड्यात नवं रोप लावायचं, आणि ते लावायचं गेलेल्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाच्या हातून. पुढच्या रांगेत खुर्ची, फावड्याच्या दांड्याला रिबीन, फोटो, वर कोणीतरी दोन शब्द बोलणार. खुर्ची आणि फोटो बटणवालीला नको होते. तिला फावडं हवं होतं.

ते वीसेक वर्षांपूर्वी तिच्या हातून गेलं होतं. काचकारखान्याला आग लागली, त्यात भट्टीवरची माणसं गेली, त्यांत तिचा नवरा. पुढे कारखाना पाडला, त्याच्याच आवारात माणसागणिक एक झाड लावायचं ठरलं, आणि घरोघरी निमंत्रणं गेली. नवऱ्याचं निमंत्रण गेलं त्याच्या थोरल्या बहिणीकडे. नोकरीला लागताना त्याने तिचाच पत्ता दिला होता. तेव्हा बायकोच नव्हती, तर बायकोचा पत्ता कुठून देणार? चूक कारखान्याची, हे कबूल. पण वन्संना निरोप धाडता आला असता. वन्संनी तो धाडला नाही. त्या स्वतःच गेल्या आणि झाड लावून मोकळ्या झाल्या. बटणवाली ऐकीव बातमीवर धावत पोचली, तेव्हा तिसऱ्या रांगेत एका धिप्पाड माणसाच्या पाठीमागे उभी राहायला जागा मिळाली. तिथून तिला दिसला तो फक्त फावड्याचा दांडा, खालीवर होताना. त्या दिवसापासून नणंद-भावजयीत एक शब्द झाला नव्हता.

म्हणजे हिशेब असा होता: झाड जगलं तर ते वन्संनी लावलेलं झाड. मेलं तर पुढचं तिचं.

आता कोणी म्हणेल, मग ही बाई रोज सकाळी दुकान उघडण्याआधी त्याच झाडाला बाटलीभर पाणी घालायला का जायची? तिला विचारलं असतं तर ती फटकन म्हणाली असती, "झाड त्यांचं असेल. नवरा माझा आहे."

दुकान अरुंद गल्लीत होतं. इतकं चिंचोळं, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर एकाने दुसऱ्याची ओळख करून घेतल्याशिवाय बाहेर पडता यायचं नाही. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणाच्या तोंडाशी आतल्या बटणांपैकी एक शिवलेलं. लोक एकटं उरलेलं बटण घेऊन यायचे आणि म्हणायचे, "याच्यासारखं आहे का?" बटणवाली ते बोटांत फिरवायची, डोळे बारीक करायची आणि बहुतेक वेळा शोधून द्यायची. नाहीच मिळालं तर म्हणायची, "सगळीच बदला. जोडी जुळवत बसलात तर शर्ट विटेल." संध्याकाळी शटर ओढून ती वरच्या खोलीत जायची. तिथे कुकर लहान होता आणि पलंग मोठा. टीव्ही ती बघायची नाही, नुसता लावायची, म्हणजे घरात कोणीतरी भांडतंय असं वाटायचं.

त्या वर्षी झाडाने अर्धी पानं अवेळीच गाळली. शेंड्याकडच्या फांद्या वाळल्या. समितीने झाडांच्या डॉक्टरला बोलावलं आणि बटणवालीलाही. नात्याचं खरं माणूस कोण, हे आता कागदावर दुरुस्त झालं होतं.

डॉक्टर म्हणजे गमबूट घातलेला, गळ्यात शिटी अडकवलेला एक बडबड्या माणूस होता. त्याने झाडाभोवती एक फेरी मारली, बुटाच्या टाचेने जमीन ठोकली, आणि जमिनीने टणक आवाज दिला.

"मावशी, या झाडाचे फार लाड झालेत."

"म्हणजे?"

"ते पलीकडचं बघा." त्याने रांगेच्या टोकाकडे हात केला. "कारखान्याच्या पहारेकऱ्याचं. त्याला मागेपुढे कोणी नव्हतं. कोणी येत नाही, पाणी घालत नाही, फूल ठेवत नाही. कसं माजलंय बघा! आणि हे तुमचं. बुंधा खाली येताना घागऱ्यासारखा पसरायला हवा, तर हा विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत घुसलाय. पाय पुरलेत त्याचे. वर माती कोणी रचली?"

माती बटणवालीनेच रचली होती. पहिल्याच सकाळी तिला झाडाच्या मुळाशी काचेचे तुकडे आणि राख दिसली होती. असल्या जागी काय उगवणार म्हणून तिने गॅलरीतल्या कुंडीतली ओंजळभर काळी माती आणून टाकली, वरून चापून बसवली. मग सवयच लागली. रोज नाही, पण जेव्हा जेव्हा मन भरून यायचं तेव्हा. आणि तिचं मन बऱ्याचदा भरून यायचं.

"रस्ते दोनच," डॉक्टर म्हणाला. "काढून टाकायचं आणि नवीन लावायचं, एका सकाळचं काम. नाहीतर उपचार करायचे. उपचार वेळखाऊ आहेत, खात्री देत नाही. तुम्ही म्हणाल तसं."

इथे बटणवालीला नुसतं 'काढा' म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होता. तरी दुकानदारीची सवय, माल न बघता सौदा करायचा नाही. ती म्हणाली, "आधी उकरून तर बघा."

दुसऱ्या दिवशी ट्रकवरून कॉम्प्रेसर आला. डॉक्टरकडे लांब नळीची हवेची बंदूक होती. त्या बंदुकीने मुळांना धक्का न लावता माती उडवता यायची. फटफट आवाज सुरू झाला, धूळ उठली, आणि बटणवाली पदराने नाक झाकून उभी राहिली. हळूहळू बुंध्याच्या एका बाजूला खड्डा झाला. डॉक्टरने बंदूक थांबवली आणि शीळ घातली.

"मावशी, हे काय? केक आहे का?"

ती वाकून बघायला गेली. खड्ड्याची कड सरळ कापल्यासारखी झाली होती आणि तिच्यात थर दिसत होते. काळा थर. त्यावर पिवळा, वाळूसारखा. पुन्हा काळा. पुन्हा पिवळा. कुठे काळा जाड, कुठे पिवळा. तळापासून वरपर्यंत.

काळी माती तिची होती. पिवळी तिची नव्हती.

बटणवालीच्या डोक्यात पहिला विचार आला तो तिच्या वयाला शोभणारा नव्हता. नवऱ्याला जाऊन वीस वर्षं झाली, आणि ही कोण बया माझ्या मातीवर माती टाकतेय? तिने मनातल्या मनात कारखान्यातल्या पॅकिंगच्या बायका आठवल्या, त्यांतली एक हसरी आठवली, आणि तिथल्या तिथे तिचा गळा धरला. मग तिला दुसरंच आठवलं. सकाळी ती यायची तेव्हा बुंध्याशी जमीन ओलसर असायची, कधी पिवळसरही. दव असेल, धूळ असेल म्हणून तिने सोडून दिलं होतं. खरं तर सोडून दिलं नव्हतं. तिला वाटायचं, तो आपल्याशी त्याच्या परीने बोलतोय. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, एवढी अक्कल तिच्याकडे होती.

ती फाटकाशी रखवालदाराकडे गेली. "इथे संध्याकाळी कोण येतं?"

रखवालदार कान खाजवत राहिला.

"मी विचारतेय."

"तुम्हीच विचारायचात ना पूर्वी, ती दुसरी येते का म्हणून? मी नाही म्हणायचो. ती पण विचारायची. तिलाही नाही म्हणायचो. मला माझी नोकरी शांततेत करायची होती, बाई."

त्या दिवशी बटणवालीने दुकान लवकर बंद केलं. लेस न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती म्हणाली, "उद्या या, लेस काही पळून जात नाही." बागेत झाडासमोरच्या बाकावर ती बसून राहिली. ऊन कललं तेव्हा फाटकातून एक वाकलेली म्हातारी आत आली. हातात कापडी पिशवी होती, तिच्यातून पाण्याची बाटली डोकावत होती. ती कठड्याला हात लावत लावत चालत होती. कठडा संपला तिथे तिने पहिल्या झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. अंधारात भिंत चाचपत माजघरात यावं तशी ती झाडं चाचपत आली.

वन्सं गावाबाहेर, कारखान्याच्या जुन्या वाळूच्या वखारीमागे राहतात, हे बटणवालीला माहीत होतं. पिवळी माती कुठली, हे विचारायची गरजच उरली नाही.

झाडाशी पोचल्यावर वन्संचा पाय खड्ड्याच्या कडेवर अडखळला.

"थांबा! पुढे खड्डा आहे," बटणवाली ओरडली.

वन्सं जागच्या जागी थबकल्या. आवाज ओळखायला त्यांना क्षण लागला नाही. "हं. तू आहेस होय? मला वाटलंच होतं, काळी माती कोणाची ते. कुंडीतली ना? शेणखताचा वास यायचा तिला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाक शाबूत आहे माझं. डोळे गेले."

"म्हणजे? दिसत नाही तुम्हाला?"

"उजेड-अंधार कळतो. तुझं तोंड दिसत नाही, तेवढं एक बरं आहे."

बटणवालीला हसू आलं आणि ते तिने गिळलं. तिने वन्संचा दंड धरला, बाकावर आणून बसवलं. दंड हाडकुळा होता. याच दंडाच्या आधाराने आपला नवरा लहानपणी वाढला, आई नव्हती त्याला, हे तिला आठवलं, आणि आठवलं म्हणून रागही आला. तिने डॉक्टरचं सगळं सांगितलं. पाय पुरलेत, पाणी जास्त झालंय, माती चढलीय.

वन्संनी मान हलवली. "पाय मीच पुरले. लावायच्या दिवशी माळी सांगत होता, बास झालं, एवढं खोल नको. मी फावडं सोडलंच नाही. खणत राहिले. वाटलं, खोल गेलं की कोणी उपटणार नाही." मग त्या म्हणाल्या, "तू मागे उभी होतीस. मी पाहिलं होतं तेव्हा. तेव्हा दिसायचं."

"मग बोलावलं का नाही?"

"फावडं द्यावं लागलं असतं."

ज्या उत्तराची वीस वर्षं वाट पाहिली ते असं निघालं. एवढंसं आणि एवढं खरं, की त्यावर भांडायलाही काही हाताशी लागेना.

"काढून टाक म्हणावं त्याला," वन्सं म्हणाल्या. "नवीन रोप लाव. तू लाव. हक्क तुझा आहे. मी सांगते समितीला."

हवं ते कोणी आपण होऊन हातावर ठेवलं, की दुकानदार आधी माल उलटून बघतो. बटणवालीने डॉक्टरचं बोलणं आठवलं. झाड वाचवायचं तर मुळांच्या पसाऱ्याबाहेरून कुंपण घालणार होते. त्यात कोणाचंही पाऊल नको, पाणी नको, माती तर नकोच. तीन-चार वर्षं तरी. रोप लावलं, तर मात्र त्याच्या शेजारी उभं राहता येईल, हात लावता येईल. डोळे गेलेल्या बाईला झाड म्हणजे हातच. म्हणजे या उदारपणात सोय होती. पूर्ण सोय नव्हती, पण होती.

"तुम्हाला हात लावायला मिळावा म्हणून काढायचंय झाड?" तिने विचारलं.

वन्सं हसल्या. दात थोडे उरले होते. "अजून दुकान चालवतेस वाटतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरने विचारलं, "काय ठरलं, मावशी?"

"वाचवा," बटणवाली म्हणाली.

तिने असं का म्हटलं, याची तिच्यापाशी बरीच कारणं होती. वन्संनी दान म्हणून दिलेलं फावडं नको, हे एक. वन्संना एकदा तरी कुंपणाबाहेर, तिसऱ्या रांगेत उभं करावं, हेही होतं. नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. पण खड्ड्याच्या कडेशी उभं राहून ते काळे-पिवळे थर बघताना तिला आणखी एक गोष्ट कळली होती. अख्ख्या गावात त्या माणसाची आठवण ठेवणारे दोनच जण उरले होते, आणि ते एकमेकांवर माती टाकत होते. नवं रोप लावलं असतं तर ते एकटीचं झालं असतं. एकटीच्या वस्तू तिच्याकडे भरपूर होत्या.

काम सुरू झालं. माती सगळी उडवली, काळी आणि पिवळी एक झाली, आणि हातगाडीतून निघून गेली. खाली बुंध्याभोवती मुळं वेटोळं घालून बसली होती. दम कोंडला म्हणून वर आलेली मुळं, बुंध्याचाच गळा आवळत होती. डॉक्टरने त्यांतली काही कापली, काही पुढच्या वर्षासाठी ठेवली. "एका दमात सगळी कापली तर शॉक बसतो," तो म्हणाला. बाहेरच्या बाजूला त्याने जमिनीत खोल भोकं पाडून हवा सोडली, कुजलेला पाला भरला, वर लाकडाच्या कपच्या पसरल्या, बुंध्यापासून हातभर लांब. मग कुंपण.

संध्याकाळी वन्सं आल्या. त्यांचा हात कुंपणाच्या तारेला लागला आणि तिथेच राहिला. बराच वेळ.

"तीन वर्षं?" त्यांनी विचारलं.

"तीन. कदाचित चार."

"माझं वय माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

वन्संनी तार सोडली आणि बाकावर बसल्या. "ठीक. मग तू सांगायचंस मला. डोळे तुझे आहेत. रोज सांगायचंस, कसं दिसतंय ते."

अशा रीतीने बटणवालीच्या गळ्यात नवं काम पडलं. ती संध्याकाळी दुकान लवकर बंद करू लागली. गिऱ्हाइकं कुरकुरली. बाकाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला वन्सं, मध्ये पिशव्या. बोलणं गोड होत होतं अशातला भाग नाही.

"आज काय?"

"कालच्यासारखंच."

"काल काय होतं?"

"परवासारखं."

"तुझ्याकडे बटण घ्यायला येणाऱ्यांची मला कीव येते."

पहिल्या वर्षी पालवी आलीच नाही. पहारेकऱ्याचं झाड हिरवंगार झालं, रांगेतली बाकीची झाली, आणि हे मात्र उघडं. कापलेल्या मुळांचा धक्का असतो, डॉक्टरने आधीच सांगून ठेवलं होतं. एके संध्याकाळी वन्संनी विचारलं, "पालवी आली का गं?"

बटणवालीने वाळक्या फांद्यांकडे पाहिलं. "आली."

"कुठल्या बाजूला?"

"शेंड्याला. बारीक बारीक आहे. तांबूस."

"हं," वन्सं म्हणाल्या. वारा सुटला होता. शेजारच्या झाडांची पानं सळसळत होती आणि या झाडाचा आवाज येत नव्हता. वन्संचे कान शाबूत होते. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "वाढली का?" आणि बटणवालीने थोडी आणखी वाढवली. पुढच्या महिन्याभरात तिने झाड असं काही बहरवलं की तिला स्वतःलाच मागे वळून खात्री करावीशी वाटायची. एकदा तिने एक पक्षीही बसवला. वन्सं म्हणाल्या, "पक्षी जरा जास्त झाला."

दुसऱ्या वर्षी एक-दोन फांद्यांना पानं आली. बटणवालीने सांगितलं, पण वन्संना त्यात नवल वाटलं नाही; त्यांच्या हिशेबी झाड कधीच भरलं होतं. पुढे वन्संचे गुडघे गेले, मग बागेकडे यायच्या बसची पायरी चढवेना. बटणवाली वाळूच्या वखारीमागे त्यांच्या खोलीवर जाऊन सांगायची. अंगणात पिवळ्या मातीत एक खळगा होता, ओंजळीच्या मापाचा, पावसानेही न बुजलेला. वन्सं खाटेवर पडून ऐकायच्या आणि हाताची बोटं पांघरुणावर फिरवायच्या, साल चाचपावी तशी.

हिवाळ्यात त्या गेल्या. अंत्यविधीला चारच माणसं होती. त्यांतला एक बसचा कंडक्टर होता.

तिसऱ्या वर्षी झाड खरंच फुटलं. शेंड्याला, बारीक, तांबूस. तिने जसं सांगितलं होतं तसंच, जणू ऐकत होतं. बटणवाली बाकाच्या आपल्या टोकाला बसली आणि मोठ्याने म्हणाली, "वन्सं, आली हं." मग तिला जाणवलं, हे वाक्य तिने आधीच इतक्या वेळा खर्च केलं होतं की आता खरं सांगायच्या वेळी त्यात जीव उरला नव्हता. आणि असता तरी ऐकायला कोण होतं?

त्याच्या पुढच्या वर्षी डॉक्टरने कुंपण काढलं. बुंधा आता खाली येताना पसरत होता, घागऱ्यासारखा. "जा मावशी, हात लावा," तो म्हणाला. "फक्त माती घालू नका."

ती गेली. कपच्यांवरून जपून पाय टाकत. हात लावला. साल खरखरीत होती, आणि एका ठिकाणी, साधारण वाकलेल्या म्हातारीच्या खांद्याच्या उंचीवर, हातांनी घासून गुळगुळीत झालेला एक डाग होता. तिने त्या डागावर हात ठेवला नाही. शेजारी ठेवला.

मग सवयीने तिने हिशेब मांडला. झाडाने काही मुळं दिली, ती भरून आली. तिचं फावडं गेलं, पण ते हवं होतं तेव्हाच गेलं होतं. आता त्याचं दुःख धरायला जोर राहिला नव्हता. जगलं ते वन्संचंच झाड. आणि ते जगावं म्हणून ज्या बाईला त्याला हात लावता आला नाही, शेवटपर्यंत लावता आला नाही, तीही वन्संच. ते 'वाचवा' तोंडातून काढताना बटणवालीला हे माहीत होतं.

"जास्त त्यांनीच दिलं," ती म्हणाली. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून झाडालाच म्हणाली. आणि दुकान उघडायला निघाली.